कमळूदादाने दोनदा सांगितलं होतं

वनिताताई, कमळूदादा आला!

आधी हे सांगून टाकते. नाहीतर तू नेहमीसारखी म्हणशील, "सुजू, मुद्द्यावर ये, माझी उकड थंड होतेय."

परवा शनिवारी दुपारी चार वाजता डोक्यावर पोपटीसाठी भांबुर्डीच्या पाल्याचा भारा घेऊन तो मागच्या फाटकातून आत आला. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं आणि धावत सुटले. सरळ किचनमध्ये. तुला सांगायला! दारात पोचेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही की तुला जाऊन बारा दिवस झालेत. चुलीपाशी तुझ्या हाताखालची जना उभी होती. "काय झालं मॅडम?" म्हणाली. मी "काही नाही" म्हटलं आणि तिथेच रडायला लागले. हसतही होते. पोरगी बिचारी घाबरली, तिने मला पाण्याचा तांब्या आणून दिला.

काल तुझं तेरावं झालं. आज सोमवार, रिसॉर्टला सुट्टी. पोटात मावत नाही इतकं सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

तुला आठवतं, मी कळंबच्या रिसॉर्टवर पहिल्यांदा आले तो दिवस? मुंबईच्या मोठ्या हॉटेलात सहा वर्षं काढून आलेली मॅनेजर! हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेले तक्ते. हात कसे धुवायचे, सुरी कशी धरायची, पाहुण्यांशी कसं हसायचं. तू तेव्हा बारा वर्षं ते स्वयंपाकघर चालवत होतीस. तू तक्ते हातात घेतलेस, उलटसुलट करून पाहिलेस आणि म्हणालीस, "चांगलं हायत. पुसायला बरं पडंल." मग भिंतीवर लावलेस, अगदी सरळ रेषेत. तू माझी चेष्टा केलीस की मान ठेवलास, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि ते फीडबॅक फॉर्म! मला वाटलं, आपण आधुनिक मॅनेजर, स्टाफने आपल्याबद्दल मोकळेपणाने लिहावं. नाव लिहायचं नाही, पेटीत टाकायचं. आठ फॉर्म आले. आठांवर "सर्व ठीक". आठही एकाच अक्षरात. मी चिडून तुझ्याकडे आले तर तू भाकरी थापता थापता विचारलंस, "तुला ऐकायचं हाय, का नुसतं लिवून घ्यायचं हाय?"

मी म्हटलं, ऐकायचं आहे.

"मग मोरीवर ये."

ताई, तुझा तो मोरीचा कायदा मी जगात कुठे पाहिला नाही. चुलीपाशी भांडायचं नाही, अन्नाला लागतं. भांडायचं असेल तर दोघांनी मोरीवर जायचं, एकाने भांडी घासायची, दुसऱ्याने विसळायची, आणि भांडायचं. पहिली अट, आपण स्वतः काय केलं ते आधी सांगायचं. समोरच्याने काय केलं ते नंतर. दुसरी अट, भांडी संपली की भांडण संपलं. हॉटेल मॅनेजमेंटच्या तीन वर्षांत मला हे कोणी शिकवलं नाही. माळीबुवा आणि वेटर अनंता यांचं दोन वर्षांचं वैर तू लग्नाच्या पार्टीच्या पातेल्यांवर संपवलंस. मी दारातून पाहत होते. शेवटी दोघं मिळून एका जळक्या टोपाला शिव्या देत होते.

त्या दिवशी मोरीवर तू मला पहिला धक्का दिलास. मी म्हटलं, मी जरा तापट आहे, एवढंच. तू टोप विसळता विसळता म्हणालीस, "तू तापट नायस गं. तू घाबरतेस. घाबरलीस का तुजं बोट वर होतं. बघ तू. पावने आले का तुजं बोट आमच्याकडं, न् हसू त्यांच्याकडं."

मला इतका राग आला! मी म्हटलं, माझं बोट वगैरे काही वर होत नाही. आणि हे म्हणताना माझं बोट तुझ्या नाकासमोर होतं. तू नुसती बोटाकडे बघत राहिलीस. मग आपण दोघी अशा हसलो की अनंता बघायला आला.

हसलो खरं, पण मी शिकले नाही. शिकले असते तर डिसेंबरमधली ती पोपटी तशी झाली नसती.

तीस पाहुणे होते. मी त्यांना सांगून बसले होते, साडेसातला पोपटी तयार. का सांगितलं? कारण त्यांच्यातल्या एका बाईंनी "इथे सगळंच उशिरा होतं का?" असं हसत विचारलं होतं आणि मी घाबरले होते. शेकोटीभोवती खुर्च्या मांडलेल्या. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेलं चिकन, सगळं मडक्यात भरून, तोंडाला भांबुर्डीचा पाला कोंबून, कमळूदादाने मडकं उपडं ठेवलेलं आणि भोवती जाळ. मी सारखी घड्याळ बघत होते. साडेसात झाले. मी मडकं काढायला लावलं. फोडलं, तर शेंगा कडक, बटाटे कच्चे. बाई म्हणाल्या, "अरे, ये तो कच्चा है." आणि मी हसून त्यांच्याकडे वळले, आणि बोट कमळूदादाकडे करून म्हणाले, "क्या करें, इन लोगों को टाइम का कुछ समझता ही नहीं."

ताई, मी. कर्जतच्या टेंपोवाल्याची मुलगी. माझ्या बाबांनी जन्मभर ह्याच डोंगरातल्या वाड्यांमधून भाजी भरून आणली. त्या वाड्यांवरच्या अंगणांत मी लहानपणी जेवले आहे.

दुसऱ्या दिवसापासून कमळूदादा आला नाही. मला वाटलं, येईल. नाही आला. मग किचनमध्ये एक विचित्र गोष्ट सुरू झाली. कोणीही माझ्याशी भांडेना. जे बोलेन त्याला "हो मॅडम". टेबल इकडे लावा, हो मॅडम. टेबल तिकडे लावा, हो मॅडम. मी मुद्दाम एकदा चुकीचं सांगितलं, रविवारच्या नाश्त्याला फक्त दहा माणसं आहेत म्हणून. होती चाळीस! सगळ्यांना माहीत होतं. कोणी म्हणून एक शब्द बोललं नाही. "हो मॅडम." त्या सकाळी कसे पोहे पुरवले, ते तुला आणि मलाच ठाऊक.

तू मला तीन आठवडे सांगत राहिलीस. त्याच्या वाडीवर जा, माफी माग. मी म्हणत राहिले, "त्याने मला सांगायला हवं होतं की शिजलं नाही म्हणून. सांगितलंच नाही!" आणि तू दर वेळी तेच, "सांगितलं. दोनदा." मी म्हणे, एकदाही नाही. मला शपथेवर आठवत होतं ताई! तो गप्प उभा होता, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर लख्ख होतं. शेवटी तुझ्यासाठी म्हणून मी कबूल झाले, ठीक आहे, फोन करते. तू मान हलवलीस. "अपमान चारचौघांत न् माफी फोनवर? असं नाय चालत, सुजू. जितं सांडलं तितंच पुसायचं."

आणि मग मी ते बोलले. रविवारी संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, मोरीवरच. मी म्हटलं, "मग राहू दे. तूच सांभाळ तुझी लोकं."

तू "बरं" म्हणालीस. भांडी संपली नव्हती. मी हात पुसून निघून गेले. तुझ्या कायद्यात हे बसत नव्हतं, भांडी अर्धी टाकून जाणं. पुढचे आठ दिवस आपण मीठ, तेल आणि गॅसच्या टाक्या यांपलीकडे काही बोललो नाही. मला वाटत होतं, तू रुसलीयस. मी वाट बघत होते की आधी तू बोलशील. नवव्या दिवशी, मंगळवारी पहाटे, तुझ्या मुलाचा फोन आला.

त्या आठ दिवसांतला एक दिवस मला परत मिळाला तर मी काय करेन, ते तुला माहीत आहे. अर्धी राहिलेली भांडी घासेन. बाकी काही नको.

आता पुढचं ऐक, हे तुला माहीत नाही. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मला तुझा आवाज ऐकावासा वाटला. फोनमध्ये तुझा एकही फोटो नाही, व्हिडिओ नाही. कायम बरोबर असणाऱ्या माणसाचे आपण फोटो काढतच नाही. मग आठवलं, त्या डिसेंबरच्या पाहुण्यांपैकी एकाने पोपटीचा व्हिडिओ पाठवला होता. मी कधी उघडलाच नव्हता. मला काय घडलं ते पाठ होतं ना! त्यात तू मागे ताटं घेऊन उभी असशील, म्हणून उघडला.

तू दिसलीस. चार सेकंद. निळं लुगडं, हातात ताटांची चळत.

आणि मी दिसले.

जाळापाशी कमळूदादा उकिडवा बसलाय. मी येते, घड्याळावर टकटक करते. तो वर बघतो आणि म्हणतो, "अजून नाय, मॅडम." स्वच्छ ऐकू येतं. मी म्हणते, "काढा, काढा." तो मडक्यावर पाण्याचा हबका मारतो, ऐकतो आणि पुन्हा म्हणतो, "नाय झालं अजून. आवाज येत नाय." आणि मी? मी त्याच्याकडे बघतच नाहीये. पाहुण्यांकडे बघून हसतेय, आणि माझं बोट मडक्याकडे. काढा.

दोनदा. तू म्हणालीस तसं, अगदी दोनदा.

मी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला. पहिल्यांदा लाज वाटली, इतकी की फोन उपडा ठेवून दिला. पण तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत, ताई, खरं सांगते, मला एक विलक्षण उत्साह वाटायला लागला! म्हणजे मी खोटी नव्हते, मी बहिरी झाले होते! भीतीने माझे कान बंद होतात, बोट वर होतं आणि नंतर डोकं मला सोयीची गोष्ट रचून देतं, ज्यात समोरचा गप्प उभा होता. हे मला दिसलं. जे दिसतं ते धरता येतं. इतकी वर्षं मी स्टाफला कसं सुधारायचं याचे तक्ते करत होते. जिला बघायला हवं होतं ती बाई या व्हिडिओत घड्याळावर टकटक करत होती. आणि मला ताबडतोब धावत जाऊन तुला सांगायचं होतं, "तू बरोबर होतीस, मी चुकले!" हे वाक्य मी तुला कधीच म्हटलं नाही ना गं? तीन वर्षांत एकदाही नाही. घे आता. तू बरोबर होतीस. मी चुकले.

पुढच्या सोमवारी वाडीवर गेले. पाऊण तासाची चढण, त्यात मी सँडल घालून. कमळूदादा अंगणात कुंपणाच्या काटक्या बांधत होता. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला. मी रस्ताभर भाषण पाठ केलं होतं. तिथे बसले आणि तुझा कायदा आठवला, आधी आपण काय केलं ते. म्हटलं, "दादा, तुम्ही दोनदा सांगितलंत, मी ऐकलं नाही. मडकं मी काढायला लावलं. आणि वर सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. 'ही लोकं' म्हणाले." आणि ताई, काय सांगू, बोलता बोलता माझं बोट वर यायला लागलं! माफी मागताना! मला ते येताना दिसलं. मी हात मांडीखाली दाबून त्यावरच बसले. कमळूदादा बघत होता. पहिल्यांदाच त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

मी विचारलं, "शनिवारी तीस माणसं आहेत. याल?"

तो काटकी बांधत म्हणाला, "बगतो."

बस्स, एवढंच. पाच दिवस त्या "बगतो"वर काढले मी.

आणि शनिवारी तो आला! संध्याकाळी पाहुणे खुर्च्यांवर बसले, जाळ पेटला, आणि मी सगळ्या स्टाफला बाहेर बोलावलं. जिथे सांडलं तिथेच. मराठीत बोलले, हिंदीत नाही. "मागच्या महिन्यात इथे पोपटी कच्ची राहिली. दादांनी दोनदा थांबायला सांगितलं होतं. मी घाई केली, आणि दोष त्यांना दिला. ती चूक माझी." पाहुणे वेगळे होते, त्यांना काही कळलं नाही. दोघांनी टाळ्या वाजवल्या, कार्यक्रमाचा भाग समजून. जना मात्र खाली बघत होती आणि अनंता आकाशाकडे.

थोड्या वेळाने एक गृहस्थ म्हणाले, "और कितना टाइम?" झालं, भीती! ती आलीच गं, ती काही जात नाही. पण मला कळलं की ती आलीय. मी हात पाठीमागे बांधले आणि म्हटलं, "दादा सांगतील." दादाने हबका मारला. "अजून नाय." पाहुणे चुळबुळले. मी त्यांना वालाच्या शेंगांबद्दल सांगत बसले, बाबा टेंपोतून कशा भरून आणायचे ते. अगं, त्यांना आवडलं! ज्या टेंपोची मी इतकी वर्षं लपवालपवी केली, त्याबद्दल ते प्रश्न विचारायला लागले. पुन्हा हबका. "नाय." मग तिसऱ्यांदा मडक्यावर पाणी असं चर्रर्र वाजलं की मला लांबून ऐकू आलं. दादा उठला. "झाली."

शेंगा लोण्यासारख्या शिजल्या होत्या. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट नंतर झाली. मी ताटं लावत होते आणि जना माझ्यामागे येऊन उभी राहिली. जरा घुटमळली, मग म्हणाली, "मॅडम, तुमी चुकलात. त्या आजींना अंडं चालत नाय, सकाळीच सांगितलंय त्यांनी."

ताई! "तुमी चुकलात!" माझ्या तोंडावर! मला नाचावंसं वाटलं. मी तिला मिठीच मारणार होते, पण हातात शेंगांचं ताट होतं. मालकांनी मला पगारवाढीचं पत्र दिलं होतं तेव्हा झाला नव्हता इतका आनंद मला त्या तीन शब्दांनी... दोन शब्दांनी झाला. बघ, मोजताही येत नाहीये.

पाहुणे जेवायला बसल्यावर मी आणि कमळूदादा विझत्या जाळापाशी बसलो. मी आपली तरंगत होते. मनात म्हणत होते, सुजाताबाई, जमलं तुम्हाला. डोंगर चढलात, माफी मागितलीत, माणूस परत आणलात. मी त्याला म्हटलंसुद्धा, "दादा, बरं झालं मी वेळेत आले. तुम्ही दुसरीकडे लागला असतात तर?"

तो शेंग सोलत म्हणाला, "शेजारच्या रिसॉर्टवाला दोन येळा येऊन गेला. त्याला नाय म्हनलो."

"का?"

"वनिताबाय आलती ना वर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुझे गुडघे! तू स्टोअररूमच्या तीन पायऱ्या चढताना भिंत धरायचीस. मी विचारलं, कधी? तर म्हणाला, एका सोमवारी, काठी टेकत, तिच्या मुलाला खाली रस्त्यावर गाडीपाशी थांबवून एकटीच. दिवस मोजले आम्ही. तो सोमवार, ताई. मी तुला "तूच सांभाळ तुझी लोकं" म्हणाले, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

"माझ्या वतीने माफी मागितली का तिने?"

"नाय. म्या म्हनलो तिला, तू कशाला आलीस, तुजी काय चूक? तर म्हनली, माफी मागायला नाय आले. ती मागंल तिची ती." कमळूदादाने शेंग तोंडात टाकली, चावली, मग सांगितलं. "म्हनली, पोरगी येनार हाय. उशीर करंल, पन येनार. तवर कुटं लागू नको, एवडंच सांगाया आले."

त्यानंतर आठवडाभर तू माझ्या शेजारी उभी राहून भाकरी थापल्यास. मी तोंड फिरवून होते, आणि तू हे पोटात ठेवून मला मीठ देत होतीस, तेल देत होतीस. एका शब्दाने बोलली नाहीस. सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी धावत गेले असते, हे तुला ठाऊक होतं. पण मग मी तुझ्यामुळे गेले असते.

मला स्वतःला ओळखायला एक व्हिडिओ लागला, तोही सहा वेळा. तू मला मी रागात पाठ फिरवल्यावरही ओळखलंस, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी डोंगर चढून माझ्या नावाने शब्द दिलास.

आले गं ताई मी. बघायला तेवढी तू हवी होतीस.